पावसाळ्यातला फ्लू आणि लस घेण्याची योग्य वेळ

फ्लू हा थंडीतला आजार आहे, ही समजूत युरोप-अमेरिकेच्या हवामानाला धरून आहे. महाराष्ट्रात बहुतेक वर्षी त्याची मोठी लाट जुलै ते सप्टेंबर या काळात, म्हणजे भर पावसाळ्यात येते. जानेवारी ते मार्चमध्ये रुग्ण पुन्हा वाढतात. श्रीनगरला मात्र तो हिवाळ्यात बळावतो, तर चेन्नईला ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसाबरोबर. २००९ साली एच१एन१ या नव्या विषाणूने देशातला पहिला बळी घेतला तो पुण्यात, ३ ऑगस्टला, आणि त्यानंतर काही दिवसांतच पुण्या-मुंबईच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या.

लस कधी घ्यावी, हे या वेळापत्रकावरूनच ठरवायला हवे. फ्लूच्या विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिने सतत थोडीथोडी बदलत असतात, त्यामुळे गेल्या वर्षी शरीराने कमावलेली ओळख यंदा अपुरी पडते. म्हणून जागतिक आरोग्य संघटना लशीतील घटक वर्षातून दोनदा सुचवते: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धातल्या येत्या हिवाळ्यासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धातल्या पुढच्या वर्षाच्या हिवाळ्यासाठी. भारत उत्तर गोलार्धात असला, तरी आपल्याकडची पावसाळी लाट दक्षिणेकडच्या हिवाळ्याच्या सुमारास येते. म्हणून दक्षिण गोलार्धासाठी सुचवलेल्या घटकांची लस मे महिन्यात किंवा जूनच्या सुरुवातीला घेणे आपल्यासाठी अधिक उपयोगी ठरते. लस टोचल्यावर पुरेशी प्रतिकारशक्ती तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात आणि पुढच्या काही महिन्यांत ती ओसरू लागते, त्यामुळे गणपती झाल्यावर घेतलेली लस त्या वर्षीच्या मोठ्या लाटेला उशिराच पोहोचते. लशीतील घटक फिरत्या विषाणूशी चांगले जुळले, तरी आजाराचा धोका साधारण ४० ते ६० टक्क्यांनीच कमी होतो, हेही सांगायला हवे. तरीसुद्धा गंभीर आजार आणि रुग्णालयात दाखल होण्याची वेळ टाळण्यासाठी तिच्याइतका सोपा उपाय आज आपल्या हाती नाही.

लशीच्या जोडीला असलेल्या उपायांची ताकद कोविडच्या काळात दिसली. मास्क, बंद शाळा आणि थांबलेला प्रवास यांमुळे २०२०-२१ मध्ये फ्लू जगभर जवळजवळ नाहीसा झाला. फ्लूच्या बी प्रकारच्या विषाणूची यामागाता ही शाखा तर मार्च २०२० नंतर निसर्गात खात्रीने आढळलेली नाही, आणि त्यामुळेच आता चारऐवजी तीन घटकांची लस सुचवली जाते. तसे कडक निर्बंध दरवर्षी कोणी लादणार नाही, लादूही नयेत. पण माणसांच्या वागण्याने हा विषाणू अडवता येतो, हे त्यातून दिसले.

ते वागणे नेमके कधी महत्त्वाचे असते? फ्लूचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासून विषाणू पसरवू लागतो आणि पहिल्या तीन-चार दिवसांत तो सर्वाधिक संसर्गजन्य असतो. म्हणून अचानक ताप, अंगदुखी आणि कोरडा खोकला सुरू झाला, की त्याच दिवशी घरी थांबणे हे चौथ्या दिवशी रजा टाकण्यापेक्षा कितीतरी अधिक उपयोगाचे आहे. तापाचे औषध न घेताही २४ तास ताप नसेल, तेव्हाच मुलाला शाळेत पाठवावे. पावसामुळे लोकल, एसटी आणि वर्गांच्या खिडक्या बंद राहतात, हवा कोंडते आणि तुषारांचे बारीक कण तिथेच घुटमळतात. अशा जागी खिडकी थोडी उघडी ठेवणे आणि खोकणाऱ्याने मास्क लावणे, दोन्ही गरजेचे आहे. शिंक तळहातावर न घेता कोपरात घ्यावी आणि हात साबणाने धुवावेत.

फ्लू विषाणूमुळे होतो, त्यामुळे अँटिबायोटिक त्यावर चालत नाही. ओसेल्टामिविर हे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केल्यास सर्वाधिक उपयोगी पडते, म्हणून गरोदर स्त्रिया, ६५ वर्षांवरील व्यक्ती, पाच वर्षांखालील मुले आणि मधुमेह किंवा दम्याचे रुग्ण यांनी वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर होणे किंवा ग्लानी येणे यांपैकी काहीही दिसले, तर थेट रुग्णालय गाठावे. मुलांना तापासाठी अ‍ॅस्पिरिन मात्र कधीही देऊ नये.

सहा महिन्यांखालील बाळाला ही लस देता येत नाही. आईने गरोदरपणात ती घेतली, तर तिची प्रतिपिंडे बाळाला जन्मानंतरचे पहिले काही महिने पुरतात. घरातल्या इतरांनीही ती वेळेत घेतलेली असेल, तर बाळापर्यंत विषाणू पोहोचण्याची शक्यता आणखी कमी होते.