ठेका (तालवादन)

तबला, पखवाज किंवा ढोलकीवर तालाचे एक आवर्तन (पूर्ण फेरा) ज्या ठरलेल्या बोलांनी (धा, धिं अशा अक्षरांनी) वाजवतात, त्या बोलरचनेला ठेका म्हणतात. तालात मात्रा (कालाची एकके) आणि त्यांचे खंड मोजलेले असतात; ठेक्यामुळे ते कानाला कळतात. म्हणून मात्रा तेवढ्याच असूनही ठेके निराळे असतात. केरवा (धा गे न ति | न क धि न) आणि धुमाळी (धा धिं | धा तिं | त्रक धिं | धागे त्रक) दोन्ही आठ मात्रांचे, पण त्यांची चाल ऐकताच वेगळी ओळखू येते.

बहुतेक तालांत समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) आणि भरीत (टाळीच्या खंडात) डग्गा, म्हणजे तबल्याच्या जोडीतले डाव्या हाताचे वाद्य, घुमतो. खालीत (टाळी नसलेल्या खंडात) त्याचा घुमारा बंद होतो, ‘धा’चा ‘ता’ आणि ‘धिं’चा ‘तिं’ होतो. एवढ्या खुणेवर गाणारा आवर्तनात आपण कुठे आहोत हे ओळखतो. कर्नाटक संगीतात ताल हाताच्या क्रियांनी दाखवतात आणि मृदंगाला असा बांधील ठेका नसतो. बेळगाव-धारवाडचा पट्टा कर्नाटक राज्यात असला तरी हिंदुस्तानी गायकीचा. कुमार गंधर्व 1924 साली बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मले, तर भीमसेन जोशी 1922 साली आजच्या गदग जिल्ह्यात. इथल्या मराठी आणि कन्नड घरांत ठेका सारखाच ओळखीचा आहे. भीमसेनांनी मराठी अभंग गायले तशी कन्नड दासपदेही (हरिदास संतांची भक्तिपदे) गायली.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात हा शब्द सर्वांत जास्त ऐकू येतो तो भजनात. पारायण, काकडा, आषाढी-कार्तिकीची दिंडी यांत बुवा चाल धरतात, पखवाजी ठेका देतो आणि टाळकरी त्याच्या हाताकडे बघून टाळ टाकतात. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावलेली असते. तिच्यामुळे भरीचा घुमारा मागच्या टाळकऱ्यापर्यंत पोचतो. अभंग संथ सुरू होतो, कडव्यांमध्ये लग्गी (ठेक्याऐवजी वाजणारे जलद, नटवे बोल) येते, तिहाई (तीनदा वाजवलेला एकच तुकडा) घेऊन वादक समेवर उतरतो आणि पुन्हा ठेका धरतो. गजराला लय चढते. नवशिक्याचा हात लग्गीकडेच ओढ घेतो, पण वीस-पंचवीस टाळ एका लयीत ठेवायचे तर साधा ठेका न पळवता, न ओढता वाजवता आला पाहिजे. वादकाची खरी पारख तिथेच होते. विलंबित ख्यालाच्या साथीलाही हेच लागू आहे: बारा मात्रांचा एकताल संथ चालताना तबलजी मध्येच भरणा करू लागला (जादा बोल भरू लागला), तर गायकाची बढत, म्हणजे रागाची सावकाश मांडणी, मोडते.

शास्त्राबाहेर हा शब्द सैलपणे वापरतात. हलगी, घुमकं (चामड्याचे तालवाद्य) आणि कैताळ (झांजेसारखे वाद्य) मिळून जी चाल वाजते, तिलाही लोक ठेकाच म्हणतात. हलगी विस्तवावर शेकून ताणतात. एका हातात टिपरू (आखूड दांडी), दुसऱ्यात बारीक काडी असते. बेळगावात वैशाख शुद्ध द्वितीयेला शिवजयंती साजरी होते. तिच्या मिरवणुकीत लेझीमचा डाव ढोलाच्या ठेक्यावर बदलतो. ठेका बदलला की पाऊल बदलायचे, हे खेळणाऱ्यांना तोंडाने सांगावे लागत नाही.