आत्मविश्वास वेगळा, विश्वास वेगळा, किती वेळा सांगायचं

चर्चमधली उपासना सुटल्यावर चहा पिताना कुणीतरी म्हणतंच, प्रार्थना करायची तर फुल कॉन्फिडन्सनं करायची, मनात जरा शंका आली की संपलं. आणि दहाजण माना डोलावतात. मला आता खरंच हे ऐकवत नाही. दोन्हीत 'विश्वास' हा शब्द आहे म्हणून दोन्ही गोष्टी एक होत नाहीत.

आत्मविश्वास काय असतो ते सांगत बसत नाही, सगळ्यांना माहितीये. यवतेश्वरचा घाट दहा वेळा चढवला की अकराव्यांदा गाडी हातात बसते, एमपीएससीचे पेपर सोडवून सोडवून भीती जाते, तो आत्मविश्वास. चांगलाच आहे, लागतोच. आणि देवावर भिस्त ठेवायची म्हणजे अभ्यास सोडून बसायचं असंही नाही, बायबलातल्या नहेम्यानं यरुशलेम शहराचा कोट बांधताना प्रार्थना पण केली आणि रात्रंदिवस पहारा पण बसवला. तो घोळ लहान आहे, सोडून देऊ.

मोठा घोळ असा, की लोकांना वाटतं देव काम करतो ते आपल्या मनातल्या खात्रीच्या जोरावर. तोंडानं म्हणायचं 'देवाच्या सामर्थ्यानं' आणि भार सगळा टाकायचा स्वतःच्याच मनावर, मग खात्री वाटावी म्हणून आवाज चढवायचा, मुठी आवळायच्या. अहो हा आत्मविश्वासच झाला की, फक्त रविवारचे कपडे घातलेला.

साताऱ्याच्या माणसाला तर हे समजवायला लागू नये. अपशिंगे मिलिटरी आपल्याच जिल्ह्यात, घराघरांत फौजी. सुभेदारानं हुकूम दिला की जवान हलतात ते त्याचा आवाज मोठा म्हणून नाही, हुकमामागं वरचा अधिकार असतो म्हणून. तोच माणूस रिटायर होऊन गावी आला की आवाज तोच, रुबाब तोच, पण त्या आवाजानं पलटण हलत नाही. कफर्णहूम गावच्या शताधिपतीनं, म्हणजे शंभर शिपायांवरच्या रोमी अधिकाऱ्यानं, आपला आजारी चाकर बरा व्हावा म्हणून येशूला नेमकं हेच सांगितलं, मी पण हुकमाखालचा माणूस आहे, माझ्या हाताखाली शिपाई आहेत, तुम्ही नुसता शब्द बोला. स्वतःविषयी म्हणाला, तुम्ही माझ्या छपराखाली यावं एवढी माझी लायकी नाही. आणि येशू म्हणाला, एवढा विश्वास मला इस्राएलात पण दिसला नाही.

आता दोन माणसं शेजारी ठेवून बघा. इफिस शहरात स्किवा नावाच्या यहूदी याजकाची 7 पोरं, येशूचं नाव घेऊन छातीठोकपणे भूत काढायला निघाली. भूत म्हणालं, येशूला ओळखतो, त्याचा प्रेषित पौल माहितीये, तुम्ही कोण? मार खाऊन उघडीनागडी पळाली. खात्री भरपूर होती, अधिकार नव्हता. आणि मार्कच्या शुभवर्तमानातल्या 9 व्या अध्यायातला तो बाप, पोराला फिट येतेय, तो येशूला म्हणतो 'काही करता येत असेल तर करा', आणि वर रडत ओरडतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. कॉन्फिडन्स बघून मार्क द्यायचे तर हा नापास. पोरगं बरं झालं.

येशूचा शिष्य पेत्र यानं पांगळ्याला उठवलं तेव्हा तो लोकांना काय म्हणाला ते नीट वाचा. आमच्या सामर्थ्यानं नाही, आणि आमच्या भक्तीनंही नाही. आपण 'सामर्थ्यानं नाही' एवढं झटकन मान्य करतो आणि 'भक्तीनं नाही' हे गाळून टाकतो, तिथंच सगळं घसरतंय.

मला एवढं लागतं त्याला कारण आहे. माझी आत्या कॅन्सरनं आजारी होती तेव्हा घरी प्रार्थनेला आलेल्या एकीनं तिला तोंडावर सांगितलं, तुमचा विश्वास कमी पडतोय. आत्या दुखण्यानं रडली नव्हती एवढी त्या रात्री रडली. शेवटी शेवटी ती एवढंच म्हणायची, प्रभू, मला काय सुचत नाही, तूच बघ. त्या बाईंना त्यात विश्वास दिसला नाही. मला त्याहून मोठा विश्वास आमच्या अख्ख्या मंडळीत दिसलेला नाही.

म्हणून आजाऱ्याच्या उशाशी बसलात तर 'विश्वास ठेव, विश्वास ठेव' म्हणून त्याच्या मागं लागू नका, त्याच्या वतीनं तुम्ही मागा. पक्षाघात झालेल्याला चौघांनी छप्पर उसकटून येशूपुढं खाली सोडलं तेव्हा येशूनं 'त्यांचा' विश्वास बघितला असं लिहिलंय, खाटेवरचा माणूस काही बोलल्याचं कुठंच नाही.