राउटरचा स्पीड राउटरवरच मोजू नका

"साहेब, दहा गिगचं कार्ड टाकून दिलंत, पण तीनच्या वर जातच नाही." हा फोन आला की आमचा माणूस गाडी काढून साईटवर येतो. बहुतेक वेळा टेस्ट राउटरवरच चालू असते.

आमचा राउटर म्हणजे इंटेलचा प्रोसेसर आणि त्यावर लिनक्स. त्यावरच आयपर्फ (स्पीड मोजायचा प्रोग्राम) चालवलंत, तर पॅकेट (डेटाचे तुकडे) तयार करणं आणि मोजणं हे कामही प्रोसेसरमधल्या, पॅकेट पुढे पाठवणाऱ्या त्याच कोअरच्या गळ्यात पडतं. राउटरच्या दोन बाजूंना दोन मशीन लावा आणि ट्रॅफिक मधून जाऊ द्या. स्ट्रीम, म्हणजे एकाच वेळी चालणारी कनेक्शन, निदान सोळा ठेवा. एकच ठेवली तर एकाच कोअरवर सगळा भार येतो.

नुसते एमबीपीएसही बघू नका. फ्रेम (लाइनवरून जाताना पॅकेटचं रूप) लहान असो वा मोठी, रूट शोधायला मेहनत तेवढीच लागते. एक गिगच्या लाइनवर 1518 बाइटच्या फ्रेम सेकंदाला सुमारे 81 हजार जातात, 64 बाइटच्या तब्बल 14 लाख 88 हजार. दहा गिगवर 64 बाइटच्या एका फ्रेमला जेमतेम 67 नॅनोसेकंद मिळतात. म्हणून आमच्या कोटेशनमध्ये पॅकेटचा दर लिहिलेला असतो. इतरांच्या कोटेशनशेजारी तो आकडा लहान दिसतो, पण तो खरा असतो. आरएफसी 2544 (नेटवर्क उपकरणं तपासायची प्रमाण पद्धत) मधल्या सातही फ्रेम साइजवर टेस्ट केल्याशिवाय आम्ही मशीन पाठवत नाही. रिपोर्ट खोक्यातच असतो, तो फेकू नका.

एवढं करूनही स्लो वाटला, तर ट्रॅफिक चालू असताना टॉप (प्रोसेसरवरचा भार दाखवणारी लिनक्स कमांड) उघडून 1 दाबा, म्हणजे प्रत्येक कोअर वेगळा दिसतो. परवा एका केबलवाल्यांकडे आठपैकी सात कोअर रिकामे होते आणि एकाचा एसआय (मुख्यतः पॅकेट हाताळण्यात जाणारा वेळ, टक्क्यांत) शंभराला टेकलेला. पीपीपीओईच्या (ग्राहकाला लॉगिन करून नेट द्यायची पद्धत) आतला आयपी पत्ता बऱ्याच कार्डांना वाचता येत नाही, त्यामुळे सगळी पॅकेट एकाच रांगेत येतात. आरपीएस (पॅकेट सगळ्या कोअरवर वाटणारी लिनक्सची सेटिंग) चालू केलं आणि तेच मशीन मोकळं झालं. नवीन घ्यावं लागलं नाही. फोनवर विचारलंत तर ही सेटिंग आम्ही फुकट सांगतो.

लिनक्सचा कर्नल (गाभा) 4.16 किंवा पुढचा असेल तर फ्लोटेबलनेही (चालू कनेक्शनची पॅकेट जवळच्या वाटेने पुढे पाठवणारी सोय) बराच फरक पडतो. मात्र त्यातून जाणारी पॅकेट फॉरवर्ड चेनला (फायरवॉलच्या नियमांची यादी) वळसा घालतात. तुमचे डेटा मोजणारे काउंटर तिथे असतील, तर चालू करण्याआधी आम्हाला फोन करा.