शरद ऋतूतलं चरखा आणि हातमागाचं काम

हाताने सूत काढून त्याच सुतावर विणणाऱ्या विणकराचं वर्षातलं सगळ्यात भरगच्च काम शरदात येतं. थंड हवेच्या देशांत मेंढ्यांची लोकर वसंतात कातरतात, उन्हाळ्यात धुवून वाळवतात, आणि पानं गळायला लागली की पिंजून पेळू (कातायला तयार केलेल्या सैल वळ्या) करून चरख्यावर घेतात. उत्तर गोलार्धात कापसाची वेचणीही बऱ्याच ठिकाणी याच सुमारास असते.

बघणाऱ्याला माग मोठा दिसतो पण खरा वेळ सूत खातं. साधा हिशोब करू, ६० सेंमी रुंद आणि २ मीटर लांब शाल, दर सेंटीमीटरला ८ धागे, म्हणजे ताण्यात (मागावर ताणून बसवलेल्या उभ्या धाग्यांत) ४८० धागे आणि आटणं, गाठी, वाया जाणारी टोकं धरून प्रत्येक धागा ३ मीटर, झाले १४४० मीटर, त्यात बाण्याचं (आडव्या धाग्याचं) हजारभर मिळवलं की अडीच किलोमीटर. सूत दुपदरी हवं असेल तर एकपदरी सूत ५ किलोमीटरच्या वर कातावं लागतं! म्हणूनच इंग्लंडच्या जॉन के यांचा १७३३ चा उडता धोटा (बाण्याचा धागा या कडेपासून त्या कडेला झटक्यात नेणारा) आल्यावर विणाई वेगात झाली आणि सुताचा तुटवडा पडला, मग १७६० च्या दशकात एकावेळी अनेक चात्या (सूत ज्यांवर पिळून गुंडाळलं जातं ते दांडे) फिरवणारं स्पिनिंग जेनी हे यंत्र आलं.

ताण्याच्या सुताला पीळ जास्त लागतो कारण ते सतत ताणलेलं असतं आणि बाणा ठोकून बसवणाऱ्या फणीचं घासणंही तेच सोसतं. बाण्याचं सूत मऊ चालतं. दोन पदर एकत्र करताना पीळ उलट्या दिशेने द्यायचा, नाहीतर सूत गुंडाळून गाठी पडतात. नंतर लड भिजवून सुकवली की पीळ बसतो, ही पायरी घाईत गाळू नये असं माझं ठाम मत आहे, कापडाचा पोत इथेच ठरतो.

हवेचाही मोठा भाग असतो. लोकर न धुताच कातायची असेल तर तिच्यातलं मेण थंडीत घट्ट होतं आणि तंतू नीट सुटत नाहीत, त्यामुळे अशी लोकर कडक थंडीआधी कातून घेतलेली बरी. कापसाचं वेगळं, तो ओलसर असला की जास्त मजबूत असतो आणि कोरड्या हवेत धागे पटापट तुटतात, म्हणून ताण्याला खळ देतात आणि बाण्याचं सूत गुंडाळलेल्या कांड्या किंचित दमट ठेवतात. लोकर मात्र ओली झाली की कमजोर होते.

रंगाईला सुद्धा हेच दिवस. अक्रोडाच्या हिरव्या सालीचा तपकिरी रंग, तो पक्का करायला वापरतात त्या तुरटीशिवायही धरतो.

वहीफणी भरणं, म्हणजे ताण्याचा एकेक धागा क्रमाने वहीतून (धागे वर-खाली करणाऱ्या मागाच्या भागातून) आणि फणीतून ओवणं, हे भयंकर चिकाटीचं काम आहे, एक धागा चुकला तर ती रेघ शेवटपर्यंत कापडात दिसते. दिवस लहान होत जातात म्हणून हे उजेडात उरकतात आणि चरखा संध्याकाळसाठी ठेवतात, कारण सरावलेल्या बोटांना पीळ न बघताही कळतो.