फिजीची द्रुआ पुन्हा पाण्यात कशी आली: पार्श्वभूमी

फिजीत सध्या पर्यटकांना शिडाच्या द्रुआवरून, म्हणजे दोन होड्या जोडून केलेल्या पारंपरिक जहाजावरून, समुद्रात नेले जाते. पाहणाऱ्याला वाटावे, हे इथे पिढ्यान्‌पिढ्या चालूच आहे. प्रत्यक्षात मोठ्या होड्यांची ही परंपरा जवळजवळ शंभर वर्षे तुटलेली होती. ती पुन्हा जोडताना घेतलेला एक निर्णय अजूनही विचारात पाडतो.

जुना काळ थोडक्यात असा. फिजीच्या पूर्वेकडच्या लाऊ बेटसमूहाच्या दक्षिण भागातल्या काम्बारा, फुलांगा या बेटांवर वेसी नावाच्या झाडाचे टणक लाकूड मिळे. त्यासाठी टोंगाहून सुतार येऊन स्थायिक झाले आणि तिथे तीस मीटरपर्यंत लांबीच्या द्रुआ बांधल्या गेल्या. १८७४ मध्ये बेटे ब्रिटिशांकडे गेली. युरोपीय धाटणीची गलबते आली, पुढे इंजिने आली आणि मोठी द्रुआ बांधण्याचे कारणच उरले नाही. १९१३ ची, साडेतेरा मीटरची ‘रातू फिनाऊ’ ही द्रुआ राजधानी सुवाच्या संग्रहालयात आहे. उलांडीची लहान होडी, थामाकाऊ, मात्र लाऊमध्ये वापरात राहिली. १९९० च्या दशकात मोथे बेटावरची काही कुटुंबे अशाच होड्यांतून सुवाला आली आणि किनाऱ्यावर वसली. पुनरुज्जीवनाच्या गोष्टीत या कुटुंबांना फार कमी जागा मिळते, हे अन्यायाचे आहे.

बाहेर वारे आधीच फिरले होते. १९७६ मध्ये ‘होकुलेआ’ ही हवाईची पारंपरिक घडणीची जोडहोडी उपकरणांशिवाय हवाईहून ताहितीला पोचली. १९९२ मध्ये कुक बेटांतल्या रारोटोंगाच्या कला महोत्सवाला बेटाबेटांवरून होड्या जमल्या. फिजी या प्रवाहात ठळकपणे आली ती २०१० च्या सुमारास, आणि कळीचा निर्णय तेव्हाचाच. एका युरोपीय निधीच्या मदतीने ऑकलंडमध्ये एकाच आराखड्याच्या बावीस मीटरच्या जोडहोड्या बांधल्या गेल्या. त्यांतली ‘उतो नी यालो’ फिजीच्या वाट्याला आली. अंग फायबरग्लासचे, आडव्या तुळया दोरांनी बांधलेल्या, मदतीला सौर पॅनेलवरची मोटर. दोन्ही होड्या सारख्या आकाराच्या, म्हणजे घडण पूर्व पॉलिनेशियाची.

द्रुआ तशी नसते. तिची एक होडी मोठी आणि एक लहान असते. लहान होडी कायम वाऱ्याकडेच राहिली पाहिजे, त्यामुळे वाऱ्याच्या उलट जाताना द्रुआ वळवता येत नाही. खलाशी शिडाचा खालचा कोपरा उचलून डेकवरून दुसऱ्या टोकाला धावत नेतात, डोलकाठी तिकडे कलते, सुकाणूचे भलेमोठे वल्हेही तिकडेच जाते. क्षणापूर्वीची नाळ आता पिछाडी होते. हे भर वाऱ्यात, शीड फडफडत असताना करायचे. एकाची चूक झाली तर सगळी होडी अडचणीत येते. ‘उतो नी यालो’वर कितीही मैल कापले तरी हे अंगवळणी पडत नाही. फिजीची म्हणावी अशी खास विद्या नेमकी हीच, आणि नव्या राष्ट्रीय प्रतीकात तीच नव्हती.

तरी त्या निर्णयाला मोडीत काढता येणार नाही. २०११-१२ मध्ये ही होडी ताफ्याबरोबर अमेरिकेच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन परतली. ताऱ्यांवरून आणि लाटांवरून वाट काढणारे फिजीचे तरुण खलाशी त्यातून तयार झाले. वेसीची द्रुआ होईपर्यंत थांबले असते, तर ही पिढी हातची गेली असती. माझ्या मते चूक होडी घेण्यात नव्हती. थामाकाऊ चालवणारी माणसे सुवातच राहत असताना त्यांच्याकडची विद्या सोबतीने पुढे आणली नाही, ही खरी उणीव.

ती भरून काढण्याचा प्रयत्न गेल्या दशकात नवुआला झाला. ‘रातू फिनाऊ’ समोर ठेवून नवी द्रुआ बांधली गेली, आणि तिचा खर्च पर्यटकांच्या सफरींतून निघावा असे ठरले. हिशेब चुकीचा नव्हता. २०१९ मध्ये देशात सुमारे ८.९४ लाख पाहुणे आले होते. पण मार्च २०२० मध्ये सीमा बंद झाल्या आणि पर्यटकांसाठी त्या उघडल्या डिसेंबर २०२१ मध्ये. फक्त तिकिटावर तगणारी विद्या किती कच्च्या पायावर उभी असते, ते या काळाने दाखवले.

दुसरी अडचण लाकडाची आहे. वेसी सावकाश वाढते. काम्बाराचे कारागीर तिच्यातूनच यांगोना (मुळांपासून केलेले पारंपरिक पेय) पिण्याची तानोआ पात्रे कोरतात, ती पर्यटकांना विकली जातात आणि घर त्यावर चालते. द्रुआच्या अंगाला लागेल एवढा बुंधा होईपर्यंत झाड राखायचे, तर तोपर्यंत त्या घरांचे उत्पन्न कुठून यायचे, हे पर्यटनाच्या आराखड्यांनी अजून नीट सांगितलेले नाही.