इंडोनेशियातल्या खेड्यात राहणे आणि शेतीत पैसा गुंतवणे: पात्रता, परवाने आणि कागदपत्रे

बालीतल्या तबानानची भातखाचरे किंवा जावातल्या दिएंग पठारावरची बटाट्याची शेते पाहिली की अनेकांच्या मनात एकच प्रश्न येतो: इथे थोडी जमीन घेऊन राहता येईल का? राहता येईल. शेतजमीन मात्र मालकीने घेता येणार नाही. हा नियम साऱ्या देशाला लागू आहे, आणि पैसे कितीही असले तरी तो बदलत नाही. तिथल्या प्रक्रियेबद्दल जे काही समजून घ्यायचे ते इथून सुरू होते.

राहण्याची परवानगी इमिग्रेशन खाते देते, जमिनीचे हक्क भूमी कार्यालय म्हणजे 'बेपेएन' नोंदवते, आणि व्यवसायाची नोंदणी 'ओएसएस' या ऑनलाइन प्रणालीवर होते. हे तीन स्वतंत्र रस्ते आहेत. एका ठिकाणची मंजुरी दुसऱ्या ठिकाणी चालत नाही. म्हणून तुम्हाला नक्की काय हवे आहे, नुसते राहणे, स्वतःचे घर की शेतीव्यवसाय, हे आधी ठरवा आणि मगच अर्ज करा.

जमीन: कायदा काय म्हणतो

१९६० चा कायदा क्रमांक ५, म्हणजे मूलभूत कृषी कायदा, हा साऱ्या जमीन व्यवहारांचा पाया आहे. त्यातल्या कलम २१ नुसार 'हाक मिलिक', म्हणजे पूर्ण मालकी, फक्त इंडोनेशियन नागरिकाला मिळते. कलम २६ त्याहून कडक आहे. परदेशी माणसाकडे मालकी थेट किंवा आडमार्गाने जावी म्हणून केलेला व्यवहार मुळातच रद्द ठरतो, जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत.

शेतजमिनीचा नियम तर खुद्द त्यांच्या नागरिकांनाही जाचक वाटावा असा आहे. १९६१ च्या शासकीय नियम २२४ नुसार शेतजमिनीचा मालक त्याच तालुक्यात, म्हणजे 'केचामातान'मध्ये, राहणारा असावा लागतो. तालुका सोडून गेलेल्या मालकाने जमीन ठरलेल्या मुदतीत तिथल्याच रहिवाशाकडे सोपवावी अशी अपेक्षा आहे. जाकार्तात बसून दूरच्या खेड्यातली भातशेती बाळगणे कायद्याला मान्य नाही. महाराष्ट्रात कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाच्या कलम ६३ मुळे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. त्यामागे जो विचार आहे, तोच इंडोनेशियात आणखी घट्ट धरलेला दिसतो: जमीन कसणाऱ्याकडे राहावी. जावातल्या बहुतेक शेतकऱ्यांकडे अर्धा हेक्टरही जमीन नसते. बाहेरचा पैसा मोकळा सुटला असता तर त्यांच्या हाती काय उरले असते, याचा विचार केला की हा कायदा मला योग्यच वाटतो.

तरीही गावोगाव एक मार्ग सुचवला जातो. स्थानिक माणसाच्या नावावर जमीन घ्यायची आणि त्याच्याकडून कर्जाचा करार, गहाणखत आणि मुखत्यारपत्र लिहून घ्यायचे. दलाल हे 'सुरक्षित पॅकेज' म्हणून विकतात. ते सुरक्षित नाही. कलम २६ त्यालाच लागू पडते. जमीन हस्तांतरणासाठी दिलेल्या कायमच्या, रद्द न करता येणाऱ्या मुखत्यारपत्रांवर १९८२ पासून बंदी आहे. कंपनीचे शेअर दुसऱ्याच्या नावावर ठेवण्याचा करारही २००७ च्या गुंतवणूक कायद्याच्या कलम ३३ नुसार शून्य ठरतो. कागदावरचा मालक वारला, कर्जबाजारी झाला किंवा त्याचा घटस्फोट झाला, तर तुमच्या हातात काहीच उरत नाही. असा सल्ला देणाऱ्याकडून दुसरा कुठलाही सल्ला घेऊ नका.

जोडीदार इंडोनेशियन असेल तर वेगळी काळजी घ्यावी लागते. तिथे लग्नानंतर मिळवलेली मालमत्ता सामाईक मानली जाते, त्यामुळे परदेशी माणसाशी लग्न केलेल्या नागरिकाचा मालकीहक्कही अडचणीत येतो. त्यावर उपाय म्हणजे मालमत्ता वेगळी ठेवण्याचा वैवाहिक करार. पूर्वी तो लग्नाआधीच करावा लागे. घटनात्मक न्यायालयाच्या निकाल क्रमांक ६९/२०१५ नंतर तो लग्नानंतरही नोटरीसमोर करून नोंदवता येतो. परदेशी व्यक्तीला वारसाने मालकीची जमीन मिळाली तर ती एक वर्षाच्या आत सोडावी लागते.

मग परदेशी माणसाला काय मिळू शकते

घरासाठी 'हाक पाकाई', म्हणजे वापरहक्क, मिळतो. २०२१ च्या शासकीय नियम १८ प्रमाणे तो आधी ३० वर्षांसाठी, मग २० वर्षांची मुदतवाढ आणि त्यानंतर ३० वर्षांचे नूतनीकरण, असा असतो. वैध इमिग्रेशन कागद असलेल्या व्यक्तीला तो घेता येतो. मात्र घराच्या किमान किमतीची अट प्रांतवार ठरवलेली आहे आणि ती गावातल्या साध्या घराच्या किमतीच्या कितीतरी वर आहे. साधारणपणे एका कुटुंबाला एकच भूखंड, तोही २,००० चौरस मीटरपर्यंत, अशी मर्यादा आहे. देशात राहणे बंद झाले तर हा हक्कही वर्षभरात दुसऱ्या पात्र व्यक्तीकडे द्यावा लागतो. खेड्यात थोड्या खर्चात राहू पाहणाऱ्यासाठी हा रस्ता सहसा महागच पडतो.

त्यापेक्षा भाडेकरार सोपा. घर किंवा घराची जागा ठराविक वर्षांसाठी भाड्याने घ्यायची आणि करार नोटरीकडे करायचा. बहुतेक ठिकाणी सारे भाडे आगाऊ मागतात. मुदतवाढीची अट, मालक वारल्यास करार वारसांना बांधील राहील हे कलम, आणि भाड्यावरचा १० टक्के अंतिम कर कोण भरणार, हे तिन्ही मुद्दे करारात स्पष्ट लिहून घ्या. इंडोनेशियन पक्षाशी केलेला करार त्यांच्या भाषेत असणे २००९ च्या कायदा क्रमांक २४ नुसार बंधनकारक आहे. नुसत्या इंग्रजी करारावर सही करू नका. शपथबद्ध भाषांतरकाराकडून मजकूर समजून घ्या. कायद्याने परदेशी माणसाला दिलेला भाडेहक्क इमारतीसाठीचा आहे. भातखाचर भाड्याने घेऊन स्वतः कसण्याची योजना त्यात बसत नाही.

शेतीचा मोठा व्यवसाय करायचा असेल तर 'हाक गुना उसाहा', म्हणजे लागवडीचा हक्क. तो ३५ वर्षांचा, पुढे २५ ची मुदतवाढ आणि ३५ चे नूतनीकरण, असा मिळतो. पण तो व्यक्ती म्हणून परदेशी माणसाला मिळत नाही. इंडोनेशियन कायद्याखाली स्थापन झालेल्या कंपनीलाच मिळतो, आणि जमीन किमान ५ हेक्टर असावी लागते.

कंपनी: 'पेते पेएमआ'

परदेशी भांडवलाच्या कंपनीला तिथे 'पेते पेएमआ' म्हणतात. ती कायद्याने मोठा उद्योग मानली जाते. सर्वसाधारणपणे जमीन आणि इमारत सोडून १० अब्ज रुपियांहून अधिक गुंतवणूक तिला दाखवावी लागते, तीही प्रत्येक व्यवसाय प्रकारासाठी आणि प्रत्येक ठिकाणासाठी वेगळी. भारतीय रुपयांत ही रक्कम पाच कोटींच्या पुढे जाते. २०२५ च्या नव्या नियमाने भरणा केलेल्या भांडवलाची किमान रक्कम २.५ अब्ज रुपियांवर आणली असली, तरी एकूण गुंतवणुकीची अट तशीच आहे.

क्रम असा असतो. आधी पाच अंकी व्यवसाय क्रमांक, म्हणजे 'केबेएलई', निवडून तो परदेशी गुंतवणुकीला खुला आहे का ते २०२१ च्या अध्यक्षीय नियम १० आणि त्याच्या दुरुस्तीत पाहायचे. काही कामे सहकारी संस्था आणि लघुउद्योगांसाठी राखीव आहेत, काहींत त्यांच्याशी भागीदारी सक्तीची आहे. नंतर किमान दोन भागधारक, एक संचालक आणि एक आयुक्त (संचालकांवर देखरेख ठेवणारा कंपनीचा पदाधिकारी) ठरवून नोटरीकडून स्थापनापत्र करून घ्यायचे आणि त्याला कायदा मंत्रालयाची मान्यता मिळवायची. पुढे कर क्रमांक 'एनपेवेपे', ओएसएसवर 'एनआयबे' नोंदणी क्रमांक, जागेचा वापर आराखड्याशी जुळतो याची मंजुरी आणि बांधकामाचा परवाना. काम सुरू झाल्यावर दर तिमाहीला गुंतवणुकीचा अहवाल भरावा लागतो. तो न भरल्याने नोंदणी अडचणीत आलेल्या कंपन्या कमी नाहीत.

ज्याच्याकडे पंचवीस-तीस लाख आहेत त्याच्यासाठी या रचनेत स्वतःची कंपनी बसत नाही. अशा माणसाने गावातल्या कॉफी किंवा मसाला उत्पादकांच्या सहकारी संस्थेकडून माल विकत घेऊन भारतात आयात करण्याचा विचार करावा. त्याला तिथे जमीन लागत नाही, कंपनीही लागत नाही, आणि शेतकऱ्याला थेट दाम मिळतो. मला हा मार्ग सर्वांत स्वच्छ वाटतो.

राहण्याचा परवाना

भारतीय पासपोर्टवर आगमनानंतरचा व्हिसा मिळतो. तो ३० दिवसांचा असतो, एकदा आणखी ३० दिवस वाढतो, आणि शुल्क ५,००,००० रुपिया. अर्ज सरकारी ई-व्हिसा संकेतस्थळावरही करता येतो. किमान सहा महिने वैध पासपोर्ट, परतीचे तिकीट आणि फोटो लागतो. गाव पाहणे आणि नोटरीला भेटणे यासाठी तो पुरतो. गुंतवणुकीपूर्वीच्या पाहणीसाठी डी-१२ हा वेगळा प्रकार आहे.

जास्त काळ राहायचे तर मर्यादित वास्तव्य परवाना, म्हणजे 'इतास' (बोलण्यात 'कितास'). गुंतवणूकदारासाठी ई-२८ए आहे. त्यात कंपनीतला तुमचा स्वतःचा हिस्सा किती मोलाचा, ही इमिग्रेशनची स्वतंत्र अट असते, त्यामुळे किमान भांडवल भरले की व्हिसा मिळाला असे होत नाही. दुसऱ्या घरासाठीच्या ई-३३ ला सरकारी बँकेत १,३०,००० डॉलरची ठेव लागते. परदेशी कंपनीसाठी दूरस्थ काम करणाऱ्यासाठी ई-३३जी आहे, त्याला वर्षाचे ६०,००० डॉलर उत्पन्न दाखवावे लागते. इंडोनेशियन नागरिकाच्या जोडीदारासाठी ई-३१ए आहे. २०११ च्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ६१ ने अशा जोडीदाराला उपजीविकेसाठी काम करण्याची मुभा दिली आहे.

ही मुभा इतरांना नाही. पर्यटक व्हिसावर किंवा ई-३३ वर राहून शेतात राबणे, विनामोबदला का होईना, हा परवान्याचा गैरवापर धरला जाऊ शकतो. त्याच कायद्याच्या कलम १२२ प्रमाणे त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि ५० कोटी रुपियांपर्यंत दंड आहे. मुदत संपून राहिलात तर दिवसाला दहा लाख रुपिया दंड, आणि ६० दिवसांच्या पुढे गेलात तर हद्दपारी.

जागेचे कागद तपासताना

भाडेकरार असो की वापरहक्क, भूमी कार्यालयाकडून 'सेर्तिपिकात', म्हणजे जमिनीच्या हक्काचे प्रमाणपत्र, तपासून घ्या. खेड्यात अजूनही गिरिक, पेतोक, लेतेर चे असे जुने कागद दाखवतात. ते करभरणा किंवा गावदप्तरातल्या नोंदीचे कागद आहेत, मालकीचे प्रमाणपत्र नव्हे. २०२१ च्या नियमाने असे हक्क नोंदवून घ्यायला पाच वर्षांची मुदत दिली होती. २०२६ च्या फेब्रुवारीनंतर हे कागद पुरावा म्हणून चालत नाहीत, फक्त माहितीचा दुवा ठरतात. नोंद नसलेल्या जागेसाठी आगाऊ रक्कम देऊ नका.

ग्रामपंचायतीच्या मालकीची जमीन ('तानाह कास देसा') आणि गावकामगारांना पगारापोटी दिलेली 'बेंगकोक' जमीन यांचाही प्रश्न येतो. सरपंचाने गोड शब्दांत देऊ केली तरी ती विकता येत नाही. तिसरी तपासणी भातजमिनीची. जावातले बहुतेक प्रांत, बाली, पश्चिम सुमात्रा आणि पश्चिम नुसा तेंग्गारा इथे संरक्षित भातक्षेत्रांचे नकाशे जाहीर आहेत. त्या क्षेत्रात घर बांधण्याचा परवाना मिळत नाही, मग भाडेकरारात काहीही लिहिलेले असो.

गावात पोहोचल्यावर

नवा माणूस आला की २४ तासांत वस्तीप्रमुखाकडे ('एरते') नाव कळवण्याची रीत आहे. पासपोर्ट आणि इतासची प्रत घेऊन स्वतः जा, दलालाला पाठवू नका. नंतर लोकसंख्या कार्यालयातून परदेशी रहिवाशाचा दाखला 'एसकेतेते' काढा. बारा महिन्यांत १८३ दिवसांहून अधिक राहिलात तर तुम्ही तिथले करदाते ठरता.

बालीत सरकारी गावाबरोबर परंपरागत गाव, म्हणजे 'देसा आदात', असते आणि पाण्याचा कारभार 'सुबाक' संघटना पाहते. या सुबाक व्यवस्थेचा भूप्रदेश २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत आला, जातिलुविह त्याचाच भाग आहे. पाट वळवणे, बांध हलवणे, खाचराच्या तोंडाशी भिंत घालणे हे सुबाकला विचारल्याशिवाय करायचे नाही. एका भिंतीने खालच्या दहा शेतकऱ्यांचे पाणी अडते.

भारतातून निघताना

जन्म, विवाह, पदवी, पोलीस दाखला अशा कागदांवर आता परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य ठरवणारा शिक्का, पुरतो, कारण इंडोनेशियात ही व्यवस्था जून २०२२ पासून लागू आहे. अपोस्टिल मिळण्यापूर्वी राज्य पातळीवरची पडताळणी होते, तिला वेळ लागतो.

निवासी भारतीयाला उदारीकृत प्रेषण योजनेखाली आर्थिक वर्षाला २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. गुंतवणुकीसाठी वर्षाला १० लाख रुपयांच्या पुढच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ गोळा केला जाणारा कर) कापते. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोपर्यंत पैसा अडकून राहतो, हे हिशेबात धरा. कंपनीतले शेअर घेताना २०२२ च्या परदेशी गुंतवणूक नियमांप्रमाणे अधिकृत बँकेमार्फत नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो, आणि तो पैसे पाठवण्याआधी किंवा पाठवतानाच. कुणा ओळखीच्या खात्यात 'तिकडे बघून घेऊ' म्हणून पैसे टाकले की पुढे ते कायदेशीर गुंतवणूक म्हणून दाखवणे फार अवघड होते. तिथले बँक खाते, शेअर, भाडेहक्क हे सारे निवासी करदात्याने विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या अनुसूचीत दरवर्षी दाखवायचे असते, त्यातून एक रुपयाही उत्पन्न आले नसले तरी.