मेथी निवडणारं मूल मेथी खातं का?

दीड वर्षापर्यंत पुढ्यात येईल ते तोंडात घालणारं मूल एक दिवस वरणातली कोथिंबीर वेचून बाजूला ठेवायला लागतं. कालपर्यंत आवडीने खाल्लेली भेंडी आज ताटाबाहेर जाते. घरात मग ‘लाडावलंय’पासून ‘भूकच नाही त्याला’पर्यंत सगळी निदानं होतात. वास्तविक ही वाढीतली नेहमीची पायरी आहे. अनोळखी अन्नाची धास्ती साधारण दोन ते सहा या वयात सर्वांत जास्त असते. चालायला लागलेलं मूल मोठ्यांच्या नजरेआड कुठलंही पान, कुठलंही फळ तोंडात घालू शकतं. जे ओळखीचं नाही ते नाकारण्याची खोड आपल्या पूर्वजांच्या मुलांना विषबाधेपासून वाचवत असावी, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे. वनस्पतींमधली बरीचशी विषारी द्रव्यं कडू असतात, म्हणून कडू चवीला विरोध अधिक. मेथी आणि कारल्याला त्याचाच फटका बसतो.

ही धास्ती जाते ती ओळखीने, आणि ओळख व्हायला वेळ लागतो. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ लिआन बर्च यांनी १९८०च्या दशकात लहान मुलांवर केलेल्या प्रयोगांत तोच नवा पदार्थ जितक्या जास्त वेळा चाखायला मिळाला, तितकी त्याची आवड वाढत गेली. त्यासाठी कित्येकदा आठ-दहा, कधी त्याहूनही जास्त वेळा चाखावं लागतं. आपण पालक तीन-चार वेळांतच ‘त्याला नाहीच आवडत’ असं ठरवून मोकळे होतो. बर्च यांना आणखी एक गोष्ट दिसली. पदार्थ नुसता पाहून त्याची चव आवडू लागत नाही, तो जिभेवर यावा लागतो.

स्वयंपाकघराचं खरं बळ मला इथे दिसतं. ताटासमोर बसलेल्या मुलावर सगळ्यांचे डोळे असतात, घास खाल्ला की नाही याचा हिशेब चालू असतो. मटार सोलताना असं काही नसतं. दहा दाणे भांड्यात पडतात, अकरावा तोंडात जातो आणि कुणी काही म्हणत नाही. काकडी कोचवताना, दाण्याचं कूट करताना हेच होतं. कोशिंबीर ताटात येईपर्यंत तिचे चार-पाच नमुने खाऊन झालेले असतात.

याला थोडाफार प्रायोगिक आधारही आहे. स्वित्झर्लंडमध्ये नेस्ले कंपनीच्या संशोधन केंद्राने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सहा ते दहा वर्षांची ४७ मुलं होती. काहींनी पालकांबरोबर जेवण रांधलं, काहींना पालकांनी रांधलेलं तेच जेवण वाढलं. रांधणाऱ्या मुलांनी सॅलड सुमारे ७६ टक्के जास्त खाल्लं. पण चिकनही २७ टक्के जास्त खाल्लं आणि एकूण उष्मांकही वाढले. अभ्यास छोटा, एका जेवणापुरता आणि खाद्यपदार्थ बनवणाऱ्या कंपनीचा आहे, हे विसरू नये. त्यातून मी एवढंच घेते की मूल स्वतः केलेलं जास्त खातं. मग त्याच्याकडून फक्त केकवर क्रीम लावून घेण्यापेक्षा गवार मोडून घ्यावी, मोड आलेले वाल सोलून घ्यावेत.

खाण्यापलीकडचा लाभ पाहायचा तर परातीपाशी बसावं. एका ताटलीत गव्हाची कणीक आणि दुसऱ्या ताटलीत ज्वारीचं पीठ घ्या, दोन्हीत साधं पाणी घालून मुलाला मळू द्या. मग दोन्ही गोळे ओढून पाहायला सांगा. कणीक ताणली जाते, ज्वारीचा गोळा तुटतो. गव्हात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही प्रथिनं असतात. पाणी मिळालं आणि तिंबलं की त्यांचं एक लवचीक जाळं तयार होतं, तेच ग्लुटेन. ताज्या तिंबलेल्या कणकेची लाटी लाटली तर ती आक्रसून मागे येते. तीच कणीक वीस मिनिटं झाकून ठेवली की जाळं सैलावतं आणि पोळी मुकाट्याने पसरते. हा फरक सात वर्षांच्या मुलालाही लाटण्याखाली जाणवतो. पुढे तव्यावर पाण्याची वाफ होते, तिचं आकारमान पाण्याच्या सोळाशे पटींहून अधिक असतं, जाळं तिला अडवून धरतं आणि फुलका टम्म फुगतो.

ज्वारीत ग्लुटेन नाही. म्हणून आजी उकळतं पाणी घेते. त्याने पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो, मग तळहाताने रगडून त्याचा गोळा बांधला जातो. जुन्या पिठाची विरी गेली की भाकरी थापताना कडा चिरतात, हे प्रत्येक सुगरण जाणते. मुलाला ते कारण सांगून समजावण्याआधी एकदा चिरलेली भाकरी थापू द्यावी. कच्च्या पिठात जंतू असू शकतात, तेव्हा ते खाऊ मात्र देऊ नये.

कामाला बक्षीस लावू नये, असं माझं ठाम मत आहे. जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेतल्या वॉर्नेकेन आणि टोमासेलो यांच्या २००८च्या प्रयोगात, मदतीबद्दल खेळणी मिळालेली वीस महिन्यांची मुलं पुढे मदत करण्यात मागे पडली. ज्यांना काहीच मिळालं नव्हतं किंवा फक्त शाबासकी मिळाली होती, ती मदत करत राहिली. म्हणजे एवढ्या लहान वयातही मुलाला कामाला हात लावायचा असतो. आपण घाईत ‘सांडशील, जा खेळ’ म्हणतो आणि दहा वर्षांनी तेच मूल ताट उचलत नाही म्हणून चिडतो.

काळजी हवीच. मुलांची त्वचा मोठ्यांपेक्षा पातळ असते, त्यामुळे कढत पाण्याने किंवा तेलाने ती लवकर आणि खोल भाजतात. कुकर, तळण आणि फोडणी मोठ्यांकडेच ठेवावी. मुलाचं काम ओट्यापासून दूर, जमिनीवर परात मांडून द्यावं. मिरच्यांची देठं काढायला दिली आणि हात झोंबले तर नुसत्या पाण्याने फारसा उपयोग होत नाही, कारण झोंबणारं कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. आधी हाताला तेल चोळावं, मग साबणाने धुवावं, आणि तोपर्यंत डोळ्यांना हात लावू देऊ नये.